भोंगा झाला की येते

आमच्या साळ्याएवढा मोठ्यानं बोलणारा आणि हळू लिहिणारा माणूस साऱ्या वर्धा जिल्ह्यात दुसरा झाला नाही. होऊही नये. एकच होता तर आमचे कान पुरले नाहीत. साळा म्हणजे माझ्या बायकोचा सख्खा मोठा भाऊ. सेलूच्या जिनात कामगार, आणि पुस्तकं लिहिणारा. कविता लिहायचा, आणि एक कादंबरी लिहिली. पुस्तकं लिहिणारा म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं चष्मा येतो, शाल येते, खुर्ची येते. आमच्या साळ्याच्या अंगावर रुई असायची. जिनात कापसातून सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते, आणि उडती रुई माणसाच्या डोक्यावर, भुवयांवर, मिशीवर बसते. बाकीच्यांची घरी गेल्यावर निघायची. याची दिवाळीला बसली की होळीपर्यंत मुक्कामाला. हंगाम संपल्यावर चांगली घासून आंघोळ करून तो काळ्या केसांनी रस्त्यावर निघाला की ओळखीचे लोक विचारायचे, "तुमचे मोठे भाऊ कुठी हायेत जी?" हाही बिलकुल न हसता सांगायचा, "कामावर गेले."

आवाजाचं कारण जिनच. सरकी काढायच्या यंत्राला आम्ही रेचा म्हणतो. आमच्या जिनात रेच्यांची लांबच लांब ओळ होती. सगळे एकदम सुरू झाले की शेजारच्याच्या कानात तोंड घालून ओरडलं तरी अर्धंच पोहोचायचं. साळा मिसरूड फुटायच्या आधीपासून तिथं. त्यामुळं त्याचा आवाज जो चढला तो उतरलाच नाही. आमच्या घरी जेवायला बसला आणि बहिणीला म्हणाला, "बाई, मीठ दे," की भिंतीपलीकडली शेजारीण मीठ घेऊन यायची. एकदा वर्ध्याला शिकलेल्या लोकांची कवितांची सभा होती, तिथं याला बोलावलं. मी सोबत होतो. यानं पहिली ओळ म्हटली आणि पुढच्या रांगेतल्या एका बाईंच्या हातातला चहा लुगड्यावर गेला. सभेचे अध्यक्ष भले माणूस. म्हणाले, "जरा हळू वाचा, ही सभा आहे." साळ्यानं प्रयत्न केला. ओठ हलले, मान हलली, शब्द काही बाहेर आला नाही. मग हात जोडून म्हणाला, "हळू म्हनलं का मले आठवत नाई जी," आणि खाली बसला. बाहेर आल्यावर टांग्याच्या अड्ड्यावर त्यानं ती पूर्ण कविता म्हटली. टांगेवाल्यांनी वाहवा केली. घोड्यांचं मत वेगळं पडलं.

त्याला कविता सुचायची ती फक्त रेच्याच्या ठेक्यावर. रेचे चालू असले की कविता, रेचे बंद पडले की कादंबरी. दिवाळी ते होळी तो कवी होता आणि होळीपासून पुढं कादंबरीवाला. मधात बेल्ट तुटून जिन थांबलं तर अर्धी कविता तोंडात धरून, जर्दा धरावा तशी, गाल फुगवून बसायचा. जाम गावी आमच्या एका नातलगाकडं लग्न होतं, तेव्हा सगळे मागं लागले, नवऱ्या-नवरीवर गाणं बनव. हा म्हणाला, "काई तरी खटखट करा, मंग बनवतो." कोणी टोपलं बडवलं, कोणी पायली बडवली. याला काही जमेना. नवऱ्याचा मामा शिंपी होता, त्यानं आपली शिवायची मशीन मांडवात आणून चालवली. तेव्हा कुठं गाणं निघालं, पण निघालं अगदीच आखूड. लोक म्हणाले, "बस, एवढंच?" साळा म्हणाला, "मशीनच लहान हाये, मी काय करू?"

बिगरहंगामात तो लोकांच्या घरांची कवेलू फेरायचा. पावसाळ्याच्या आधी छपरावरची फुटकी कवेलू काढून नवी बसवायचं ते काम. कामात हात चांगला होता, पण कादंबरीतलं एखादं वाक्य सुचलं की तिथंच छपरावर पाय पसरून कमरेचा कागद काढायचा. एका सोनाराच्या घरावर चढला, अर्धं छप्पर उघडं केलं आणि त्याला वाक्य सुचलं. सोनारीण खालून चुलीजवळून वर पाहते तर छपराच्या भोकातून आमचा साळा आभाळाकडं पाहत बसलेला. ती म्हणाली, "दादा, काय झालं?" हा वरून म्हणाला, "बुढी पाटावर बसून राह्यली, पन जेवत नाई." सोनारणीला वाटलं, शेजारची म्हातारी आजारी पडली. ती भाजी घेऊन शेजारी धावली. म्हातारी कादंबरीतली होती.

आता गठाणींचं सांगतो. रुई दाबून, बारदान्यात गुंडाळून, पट्ट्या मारून गठाण बनते आणि तिच्यावर काळ्या शाईनं मार्का टाकतात. साळ्याकडं मार्का टाकायचं काम आलं आणि त्यानं मार्क्याखाली कविता टाकायला सुरुवात केली. मुकादमाला वाचता येत नव्हतं. त्याला वाटलं शेठनं मार्का वाढवला. बरेच दिवस चाललं. मग एक दिवस शेठ स्वतः गोदामात आले आणि त्यांना एका गठाणीवर हे दिसलं :

तुमच्या अंगाले जे मऊ लागते
थे आमच्या छातीत खुपते.

शेठ वाचून उभेच राहिले. आम्ही समजलो, गेलं याचं काम. शेठ म्हणाले, "लिहायचं तर आतून लिही. बाहेरून माल चांगला दिसला पाहिजे." शेठ गंमतीनं म्हणाले की रागानं, ते मला आजही सांगता येणार नाही. साळ्यानं मात्र तो हुकूमच समजला आणि त्या दिवसापासून बारदान्याच्या आतल्या बाजूनं लिहायला लागला. सगळ्यांना सांगत सुटला, "माह्यी कविता विलायतले जाऊन राह्यली." मी म्हटलं, "दादा, वाचते कोन थे? गठाण फोडनारा हमाल. थो तं अंगठा मारत असन." साळा म्हणाला, "जवाई, मंग त्याच्यासाठीच तं लिवतो. थो दुसऱ्या कोनाले वाचाले लावन. दोघाईले समजन."

पण त्याची खरी सभा भरायची जेवणाच्या सुट्टीत. जिनात कापूस निवडायला बाया असायच्या, त्यांना रेजा म्हणत. माझी बायकोही त्यांच्यातच होती. जेवणाचा भोंगा झाला की रेजा निंबाखाली भाकरी सोडून बसायच्या, आणि साळा त्यांच्यापुढं उभा राहून बिगरहंगामात लिहिलेलं कादंबरीचं नवं प्रकरण वाचायचा. त्याचा नियम एकच. वाचताना बायांकडं पाहायचं. भाकर चावणं चालू राहिलं तर प्रकरण नापास, तिथल्या तिथं फाडायचं. तोंडं थांबली, घास हातात राहिला, तर पास. एक म्हातारी रेजा होती, तिला दात नव्हते, ती नुसतीच तोंड हलवायची. तिच्यापायी दोन चांगली प्रकरणं गेली. शेवटी बाकीच्या बायांनी तिला दम भरला, "आजी, माय वं, थो वाचून राह्यला तं तोंड बंद ठेव न!" आजी म्हणाली, "मंग त्याले म्हना मऊ भाकरीसारखं लिव."

आणि सगळ्यांच्या वर हायकोर्ट म्हणजे माझी बायको. ती भावाकडं पाठ करून बसायची, कारण समोर बसलं की हा चेहरा वाचायचा. कमी बोलायची. "ठीक हाये" म्हणाली की साळा दिवसभर गात काम करायचा. "काई मजा नाई रे दादा यात" म्हणाली की त्याच्या हातानं मार्के वाकडे पडायचे.

ती कादंबरी त्यांच्या आईवर होती. आईही त्याच जिनात रेजा होती. रुई छातीत बसून बसून तिला खोकला लागला, आणि एका दिवशी कापूस निवडता निवडता ती बसली ती उठलीच नाही. लोकांनी तिला जिनातूनच परस्पर नेलं. साळा तेव्हा पोरवयाचा, आणि माझी बायको अगदी लहान, नुकती बोलायला लागलेली. तिनं विचारलं, "माय कुठी?" यानं सांगितलं, "जिनात गेली. भोंगा झाला की येते." झालं. ती पोरगी रोज संध्याकाळी जिनाच्या गेटपाशी जाऊन बसायची. भोंगा व्हायचा, बाया निघायच्या, ती एकेकीच्या तोंडाकडं पाहायची. असं किती दिवस चाललं ते दोघांनीही मला कधी सांगितलं नाही. मग एक दिवस ती जायची थांबली. तिला कोणी खरं सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. लग्न झालं, माझ्या घरी आली, त्याच जिनात कामाला लागली, त्याच गेटातून रोज आत-बाहेर केलं, पण या गोष्टीचं दोघा भावाबहिणीत एक अक्षर निघालं नाही. त्याला काय वाटायचं ते त्यानं कादंबरीत घातलं असावं. हिनं कुठं घातलं ते मला माहीत नाही.

शेवटचं प्रकरण वाचायचा दिवस आला. हंगाम संपत आला होता. साळ्यानं आई मेल्याचं वाचलं. जसं झालं तसंच लिहिलं होतं : कापूस निवडता निवडता बसली, हातात बोंड तसंच राहिलं. बायांच्या भाकरी थांबल्या. दात नसलेल्या आजीचंही तोंड थांबलं, पदर डोळ्याला गेले. मीही भिंतीला टेकून उभा होतो, खोटं कशाला सांगू, माझीही भाकर हातातच राहिली. एवढं पास प्रकरण आजवर झालं नव्हतं. फक्त माझी बायको खात होती. पाठ करून, हळूहळू, तिनं पूर्ण भाकर खाल्ली, पाणी प्यायली, फडकं झटकलं, त्याची घडी केली, आणि मग फिरून भावाला म्हणाली, "हे खोटं हाये."

साळा म्हणाला, "अवं बाई, असंच झालं तं."

"तू मले काय म्हनलं होतं?"

साळा हातातले कागद सरळ करायला लागला.

"भोंगा झाला की येते म्हनलं होतं न? मी तुह्यं ऐकून बसली न गेटपाशी?" तिचा आवाज चढला नाही की ती रडली नाही. भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं. "मंग तुह्या पुस्तकात तरी येऊ दे न तिले. तुह्याच हातात हाये न लेखनी? का थेही शेठच्या हातात हाये?"

कामाचा भोंगा झाला. बाया उठल्या. साळा निंबाखाली तसाच उभा, मुकादम ओरडला तेव्हा हलला. प्रकरण त्यानं फाडलं.

त्या उन्हाळ्यात त्यानं कोणाचंही छप्पर फेरलं नाही. शेवट लिहायचा, आमच्या घरी यायचा, बहिणीला ऐकवायचा. एका शेवटात आई बरी होऊन आली. बायको म्हणाली, "दादा, मी काय अजून लहान हाये?" एका शेवटात आई दूर गावी गेली होती. ती म्हणाली, "माय असं जाईन का आपल्याले सोडून?" मेलेली नको, परत आलेली नको. मी तर म्हटलं, "तुमी भाऊबहीन मिळून मले वेडं करान." मग एक दिवस तो आला आणि उभ्यानंच त्यानं वाचलं. भोंगा होतो. गेट उघडते. बाया बाहेर निघतात. साऱ्यांच्या डोक्यावर, तोंडावर पांढरी रुई, साऱ्या एकसारख्या दिसतात. आणि ती लहान पोरगी एकेकीच्या तोंडाकडं पाहत राहते. संपलं. बायकोच्या हातात पीठ होतं. ते तसंच राहिलं. भाकर तव्यावर जळाली. तिनं एवढंच म्हटलं, "ठीक हाये."

ज्या साली आमच्या वस्तीनं धम्म घेतला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं कादंबरी बारदान्यात गुंडाळून नागपूरला गेलो. तिथल्या एका पुस्तकं काढणाऱ्या गृहस्थांनी आधीच काही प्रकरणं वाचून बोलावलं होतं. साळ्यानं साऱ्या जिनात सांगून ठेवलं होतं की आता पुस्तक निघते. त्याचं दुसरं काही मागणंच नव्हतं जन्मात. ना लग्न केलं, ना घर बांधलं. पुस्तक निघावं, एवढंच. गृहस्थ सज्जन होते. चहा दिला, राहिलेली प्रकरणं तिथंच वाचून काढली. म्हणाले, "डोळ्यांत पाणी आलं हो वाचताना. पण शेवट कुठं आहे?"

"हाच शेवट जी."

"म्हणजे आई आली की नाही?"

"भोंगा झाला. बाया निघाल्या."

"ते वाचलं मी. त्यात आई आहे का?"

"पोरगी पाहून राह्यली न," साळा म्हणाला.

गृहस्थांनी दौत आणि टाक त्याच्यापुढं सरकवले. "हे पाहा, आई जायला हवी. वाचकाला अधांतरी ठेवून चालत नाही. दोन पानं लिहा, इथंच बसून लिहा. लगेच छपाईला घेतो."

ती दोन पानं, निंबाखाली वाचून फाडलेली, साळ्याला तोंडपाठ होती. नुसता टाक उचलायचा होता. मी सरळ माणूस आहे, मी त्याला कोपर मारलं. "लिवा न दादा. बाईले कुठी वाचता येते? तिले कोन सांगाले जाते?"

साळ्यानं टाकाकडं पाहिलं. मग म्हणाला, आणि त्याचं म्हणणं म्हणजे आत छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या लोकांचे हात थांबले, "तिले एकडाव जिननं मारलं. आता मी काऊन मारू जी?" बारदाना उचलला आणि आम्ही निघालो. पॅसेंजरमध्ये सेलूपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. डब्यातल्या लोकांचं नशीब.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "झालं का काम?" साळा म्हणाला, "नाई झालं. कागद नाई म्हने त्याच्यापाशी." हे त्यानं इतक्या हळू म्हटलं की मला वाटलं याचा घसा बसला. बायकोनं ताट वाढलं. तो गेल्यावर मला म्हणाली, "आता तुमी खरं सांगा." मी सांगितलं. ती म्हणाली, "मले वाटलंच. दादा हळू बोलला का समजाचं, खोटं बोलून राह्यला. लहानपनी मले समजत नव्हतं." आणि चुलीकडं तोंड करून बसली.

पुस्तक शेवटी वर्ध्याला एका लग्नपत्रिका छापणाऱ्यानं काढलं. त्याच्याकडं पत्रिकांचा गुलाबी कागद उरला होता, त्याचंच वेष्टण केलं. वर सनई-चौघड्याचं चित्र, खाली कादंबरीचं नाव. साळा ते वाटत फिरला तर लोक हातात घेऊन आधी विचारायचे, "लग्न कोनाचं हाये? तारीख कोनती?" पिपरीचे एक म्हातारबुवा तर न उघडता म्हणाले, "येतो येतो, समदे येतो." साळा फार खूश. म्हणाला, "एवढ्या आनंदानं कोनाचं पुस्तक घेते लोक?"

आमच्या घरची प्रत बायकोनं ज्वारीच्या कोठीत ठेवली. दरवर्षी जिन सुरू व्हायच्या दिवशी काढायची आणि माझ्यापुढं ठेवायची. माझं शिक्षण चौथीपर्यंत, मी अडखळत वाचणार, पण तिला मीच पाहिजे. भावानं वाचलं की सारं गाव ऐकते म्हणायची. मी शेवटचं पान वाचायचो. भोंगा होतो, गेट उघडते. एवढं आलं की ती हात वर करायची. "बस. इथंच थांबा." बाया बाहेर निघायचं तिनं मला कधी वाचू दिलं नाही. मी म्हणायचो, "अवं, पुढच्या दोन ओळी तं हायेत." ती म्हणायची, "असू द्या. गेट उघडलं न."

यंदा ती गेली. तिचीही छातीच होती. दवाखाने केले, काही झालं नाही. त्याच्यावर मी जास्त लिहिणार नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे जमले होते. साळा आता खूप म्हातारा झाला आहे, केस आता रुई नसतानाही पांढरे. लोक म्हणाले, दादा, तुमी दोन शब्द बोला, तुमी लिवनारे. तो उभा राहिला, ओठ हलले, मान हलली, आणि तो खाली बसला. वर्ध्याच्या सभेसारखंच. कोणी हसलं नाही. संध्याकाळी जेवणं उरकल्यावर पाहतो तर तो कुठं दिसेना. मला समजलं. मी काठी घेऊन निघालो.

जिन बंद पडून कितीतरी वर्षं झाली. रेचे भंगारात गेले, आत बाभळी वाढल्या, गेटाला कुलूप गंजलं आहे. भोंग्याचा खांब तेवढा उभा आहे. साळा गेटासमोर उभा होता, हात मागं बांधून. मी जवळ गेलो आणि म्हटलं, "दादा, काय करून राह्यले इथं? घरी चला. बाई वाट..." आणि जीभ चावली. इतक्या वर्षांची सवय.

तो गेटाकडंच पाहत होता.

"बाई जिनात गेली जवाई," तो म्हणाला. "भोंगा झाला की येते."

हे त्यानं इतक्या हळू म्हटलं की शेजारी उभा असूनही मला कान पुढं करावा लागला. त्याचं हळू बोलणं म्हणजे काय, ते मला माहीत होतं.

मी म्हटलं, "बरं." आणि त्याच्या बाजूला उभा राहिलो.